कोड म्हणजे निदान नव्हे: इंजिनाचा दोष शोधताना या चुका टाळा

गाडीच्या संगणकातले दोष-कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०१७१ दिसला की लगेच ऑक्सिजन सेन्सर बदलायचा, ही खिशाला हमखास चाट लावणारी घाई. हा कोड एवढंच सांगतो की मिश्रणात हवेच्या मानाने इंधन कमी पडतंय. सेन्सरने फक्त चुगली केलेली असते. दोषी फाटका व्हॅक्यूम होज असू शकतो, मळलेला एअर फ्लो सेन्सर असू शकतो, नाहीतर दमलेला फ्युएल पंप.

म्हणून कोड वाचून थांबू नका, स्कॅनरच्या लाइव्ह डेटात फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे मिश्रण बरोबर ठेवायला संगणक किती टक्के इंधन वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा. आयडलिंगला ट्रिम +२० टक्क्यांच्या आसपास आणि २५०० आरपीएमला रेस धरली की ५ वर उतरतोय? मग एअर फ्लो सेन्सरने न मोजलेली हवा कुठूनतरी आत शिरतेय. आयडलिंगला इंजिन मुळात हवाच थोडी ओढतं, त्यामुळे ती गळती तेव्हा जास्त जाणवते. उलट लोड आल्यावर ट्रिम चढत गेला, तर संशय पंपावर किंवा फिल्टरवर. हवेच्या गळतीचा संशय असेल तर बोनेट उघडून कान लावा. 'सूंऽऽ' कुठून येतंय ते कानच सांगेल.

नुसत्या कानावर किंवा हातावर विसंबणारेही फसतात. आयडलिंगला गाडी थरथरते म्हणून प्लग बदलले जातात आणि तुटलेलं असतं इंजिन माउंटिंग. स्कॅनरमधला मिसफायर काउंटर (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटल्याची मोजणी) शून्यावर असेल तर आधी माउंटिंग तपासा. पी०३०१, म्हणजे पहिल्या सिलिंडरच्या मिसफायरचा कोड, आला असेल आणि प्रत्येक सिलिंडरला ठिणगीसाठी वेगळी कॉइल असेल, तर पहिल्याची कॉइल तिसऱ्यावर लावा. कोड पी०३०३ झाला तर कॉइल गेली. पहिल्यावरच राहिला तर प्लग, इंजेक्टर आणि मग कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासा.

आल्या आल्या कोड पुसू नका. त्याबरोबर फ्रीझ फ्रेमही जाते, म्हणजे दोष आला तेव्हाचा वेग, तापमान, लोड सगळं. आणि चेक इंजिन लाइट लुकलुकत असेल तर कोडबिड नंतर. आधी ॲक्सिलरेटर सोडून गाडी बाजूला घ्या. लुकलुकणं म्हणजे जोरदार मिसफायर, आणि न जळलेलं इंधन धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळून टाकतं.

कोड नाही म्हणजे दोष नाही, असंही नाही. कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं) तापमान मोजणारा सेन्सर चुकीचं पण शक्य कोटीतलं तापमान दाखवत असेल, तर बऱ्याचदा कोड येतच नाही; गाडी मात्र सकाळी सुरू व्हायला कुरकुरते. रात्रभर उभ्या गाडीचं इंजिन सुरू न करता नुसतं इग्निशन ऑन करा. कूलंट आणि आत येणारी हवा, दोन्ही तापमानं जवळपास सारखी हवीत. २० अंशांचा फरक दिसला, तर सेन्सर किंवा त्याचं वायरिंग तपासायला घ्या.