बोट कापलंय आणि संध्याकाळी प्रोग्राम आहे: गिटार कशी वाजवायची

रविवारची सकाळ, घरात मटणाची तयारी. कांदा चिरताना माझ्या डाव्या हाताचं मधलं बोट विळीला लागलं, नेमकं टोकाला. संध्याकाळी कोल्हापुरातल्या कसबा बावड्यात रिसेप्शनला वाजवायची सुपारी घेतलेली. मी चिकटपट्टी लावली आणि नेहमीसारखाच वाजवायला बसलो. तिसऱ्या गाण्यात पट्टी सरकली, तार थेट जखमेत बसली आणि पुढं आठवडाभर गिटार भिंतीलाच टेकून राहिली. तेव्हापासून माझा एकच नियम आहे: जखमी बोटाला त्या दिवशी पूर्ण सुट्टी द्यायची आणि वाजवणं उरलेल्या बोटांवर बसवायचं.

आधी जखम नीट बघा. दहा मिनिटं दाबून धरूनही रक्त थांबत नसेल, टोक बधिर झालं असेल किंवा बोट वाकत नसेल, तर सुपारी सोडा आणि सीपीआरला (कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात) किंवा जवळच्या डॉक्टरकडं जा. गंजलेली तार घुसली असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारून घ्या. कोल्हापूरच्या पावसाळ्यात तारा किती लवकर गंजतात, हे आपल्याला माहीत आहे. फोड आला असेल तर फोडू नका, वरची कातडी हेच त्याचं झाकण.

वाजवायचं ठरलं, तर दुपारीच गायकाला फोन करून प्रत्येक गाण्याची पट्टी, म्हणजे स्केल, विचारा. खरं काम इथंच आहे.

समजा गाणं काळी एकमध्ये (सी शार्पमध्ये) आहे. एरवी आपण बार कॉर्ड धरतो, म्हणजे तर्जनी सगळ्या तारांवर आडवी दाबतो. आज चौथ्या फ्रेटला कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावा आणि ए, डी, ई या कॉर्डचे आकार वाजवा. मधलं बोट न लावता ते असे बसतात (फ्रेट कॅपोपासून मोजायचे; पहिली तार म्हणजे सगळ्यात बारीक). ए: तर्जनी दुसऱ्या फ्रेटला दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या तारेवर आडवी. डी: तर्जनी दुसऱ्या फ्रेटला पहिल्या तीन तारांवर आडवी, अनामिका दुसऱ्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला. ई: तर्जनी तिसऱ्या तारेवर पहिल्या फ्रेटला, अनामिका पाचव्या आणि करंगळी चौथ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला. मायनर कॉर्ड लागला तर एफ शार्प मायनरच्या बारमध्ये मधलं बोट लागतच नाही. एवढ्यावर अर्धा प्रोग्राम निघतो. प्रत्येक बदल वीस-पंचवीस वेळा सावकाश करून बघा, कारण हात सवयीनं दुखऱ्या बोटाकडंच धावतो. लीडचे, म्हणजे एकेका सुरात वाजवायचे, तुकडे त्या रात्रीपुरते कीबोर्डवाल्याला द्या.

ही नुसती तडजोड आहे असं समजू नका. १९२८ साली राहत्या गाडीला लागलेल्या आगीत जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टच्या डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी अधू झाली. पुढं तो दोन बोटांवर सोलो वाजवायचा. ब्लॅक सॅबथ या रॉक बँडचा गिटारवादक टोनी आयोमी डावखुरा. १९६५ मध्ये पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या, म्हणजे तारा दाबायच्याच हाताच्या, दोन बोटांची टोकं गेली. त्यानं प्लास्टिक वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर चामडं लावलं आणि पातळ तारा चढवल्या.

पातळ तारांचा उपाय आपल्यालाही करता येतो. अकूस्टिकवर बारा नंबरचा सेट असेल तर दहाचा चढवा. वेळ नसेल तर सगळ्या तारा दोन अर्धस्वर खाली उतरवा आणि कॅपो दोन फ्रेट पुढं सरकवा. सूर तोच राहतो, पण तारेचा ताण साधारण पाचव्या हिश्शानं कमी होतो आणि बाकीची बोटं तीन तास टिकतात. तारा भणभणतात का, ते घरीच तपासा.

पट्टी लावायची ती बोट झाकण्यापुरती. कागदी टेप तारेवर घसरते, कापडी टेप बरी. उघड्या जखमेवर फेव्हिक्विकसारखा गोंद भरू नका. काही गिटारवादक तो वापरतात, पण त्यानं आग होते आणि खालची घाण आतच कोंडते. बधिर करणारा स्प्रे त्याहून वाईट: बोट किती दाबतंय तेच कळत नाही.

उजव्या हाताचं बोट दुखावलं असेल तर काम सोपं. बोटांनी छेडायचं सोडून त्या दिवशी पिकनं (तार छेडायच्या प्लास्टिकच्या तुकड्यानं) वाजवा.

स्टेजवर एकाच कॅपोची गाणी लागोपाठ घ्या. दर चार गाण्यांनंतर निवेदकाला दोन मिनिटं बोलू द्या. तेवढ्यात हात खाली सोडून मोकळा करा. प्रोग्राम संपल्यावर जेवणाआधी टेप काढा, बोट साबणानं धुवा, कोरडं करून नवी पट्टी लावा. नाहीतर तांबड्या रश्श्याचा एक थेंब जखमेत गेला की रात्रभर ठणकतं. तारांना रक्त लागलं असेल तर त्या पुसून घ्या.

दुसऱ्या दिवशी बोट लाल होऊन ठणकायला लागलं, पू दिसला किंवा ताप आला, तर थांबू नका, डॉक्टरकडं जा. मधुमेह असेल तर साध्या जखमेलाही दाखवून घ्या. जखम भरली की टेबलाच्या कडेवर बोट दाबून बघा. दुखलं नाही तर पहिल्या दिवशी दहा मिनिटं वाजवा, तीही जाड तारांपासून सुरुवात करून. पहिली तार सगळ्यात शेवटी, कारण तीच सगळ्यात खोल रुतते.