वारंवार येणारा ताप: मुलांमधील आनुवंशिक दाहरोग कसे ओळखावेत

ताप येतो, दोन-तीन दिवसांत उतरतो, मूल ठणठणीत होते आणि काही आठवड्यांनी तेच चक्र पुन्हा सुरू होते. सर्दी-खोकला नाही, घरात दुसरे कोणी आजारी नाही आणि प्रतिजैविकांनी फरक पडत नाही, अशा वेळी क्वचित आनुवंशिक दाहरोग असू शकतो, ज्यात उपजत प्रतिकारयंत्रणा जंतूंशिवायच पेटून उठते. अर्थात, संसर्गाची शक्यता डॉक्टरांनी आधी तपासायलाच हवी.

सर्वांत उपयोगी साधन म्हणजे साधी वही. ताप कधी चढला, किती दिवस टिकला, सोबत पुरळ, पोटदुखी, सांधेदुखी किंवा तोंडातले व्रण होते का, हे तारखेसह लिहावे. पुरळाचे छायाचित्र लगेच काढावे, कारण तपासणीच्या दिवशी ते हटकून नाहीसे झालेले असते. कालावधीवरून बरेच कळते: फॅमिलिअल मेडिटरेनियन फीव्हर या आनुवंशिक दाहरोगाचा झटका सहसा १ ते ३ दिवसांत ओसरतो, तर ट्रॅप्स या अशाच दुसऱ्या रोगाचा आठवड्याहून अधिक लांबू शकतो. थंडीने उठणारे पुरळ आणि हळूहळू कमी होणारी श्रवणशक्ती क्रायोपायरिन या दाह चेतवणाऱ्या प्रथिनाशी निगडित विकाराकडे बोट दाखवतात.

सीआरपी, म्हणजे दाहाची पातळी दाखवणारी रक्तचाचणी, झटक्यात आणि बरे असताना, अशी दोनदा तपासून घ्यावी. कुटुंबात कोणाला असा ताप येत असे का, हेही बालसंधिवाततज्ज्ञांना सांगावे. जनुकीय चाचणीत दोष न सापडल्यास आजार नाहीच, असे ठरत नाही. मात्र निदान लांबवू नये: दीर्घकाळ धुमसणाऱ्या दाहामुळे मूत्रपिंडात अमायलॉइड नावाचे घातक प्रथिन साचू शकते, आणि फॅमिलिअल मेडिटरेनियन फीव्हरमध्ये कोल्चिसिन हे औषध नियमित घेतल्याने ते बहुतांशी टाळता येते.