परदेशी सेवेत असलेल्या सिस्टरांसाठी (धर्मभगिनींसाठी) पंचरंगी जपमाळ: ओवणे आणि पाच घरांत चालवणे

कॅथलिक चर्चमध्ये ऑक्टोबर हा मिशनचा, म्हणजे धर्मप्रसाराच्या आणि सेवेच्या कामाचा, महिना. त्यातला शेवटून दुसरा रविवार १९२६ पासून जगभर मिशन रविवार म्हणून पाळला जातो. खानदेशात याच दिवसांत कापसाची वेचणी असते, माणसं संध्याकाळी थकून येतात, आणि चर्च कित्येकांना तीस-चाळीस किलोमीटरवर. म्हणून घरातच, रोज पाच मिनिटांत होईल अशी प्रार्थना ठरवावी. त्यासाठी पंचरंगी मिशन जपमाळ फार उपयोगी पडते. अमेरिकन धर्मगुरू फुल्टन शीन यांनी ती १९५१ मध्ये सुरू केली: आफ्रिकेसाठी हिरवा, अमेरिका खंडांसाठी लाल, युरोपसाठी पांढरा, पॅसिफिक बेटांसाठी निळा, आशियासाठी पिवळा.

मणी एकूण ५९ लागतात. पाच रंगांचे प्रत्येकी १० लहान, पदकाखाली लोंबणाऱ्या भागाचे ३ लहान आणि ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’साठी ६ मोठे. शेवटचे नऊ तपकिरी घ्यावेत, म्हणजे खंडांच्या रंगांत ते मिसळत नाहीत. लहान मणी ८ मिलिमीटरचे, मोठे १० चे. शिवाय मरियेचं पदक आणि क्रूस. काचेचे मणी टाळा, मुलांच्या हातून फरशीवर पडले की फुटतात. दोरा सुती नको, खानदेशातल्या उन्हाळ्यात हाताच्या घामाने तो कुजून तुटतो. एक मिलिमीटर जाडीचा नायलॉनचा दोरा दीड ते पावणेदोन मीटर घ्या.

घेतानाच एक गोष्ट तपासा. लोंबत्या भागात दोऱ्याचे दोन्ही पदर एकत्र जातात, म्हणून तिथल्या पाच मण्यांचं भोक दोन मिलिमीटरपेक्षा मोठं हवं. हे न पाहिल्यामुळे सगळी माळ ओवून झाल्यावर अगदी शेवटी काम अडतं.

सुरुवातीला दोऱ्याच्या एका टोकाकडे वीतभर दोरा मोकळा सोडून गाठ मारा. दहा हिरवे मणी ओवा. पुढची गाठ मण्यांना चिकटवून मारू नका, एक सेंटिमीटर जागा सोडा. ही जागा फार महत्त्वाची. मणी सरकला तरच बोटाला मोजता येतं, आणि वीज गेलेली असली तरी दहा मोजून होतात. गाठीनंतर एक मोठा मणी, पुन्हा गाठ, मग लाल दहा. असंच पांढरे, निळे, पिवळे. पाच दशकांच्या (दहा-दहा मण्यांच्या गटांच्या) मध्ये चारच मोठे मणी येतात, उरलेले दोन लोंबत्या भागात. दोन्ही टोकं पदकातून काढून एकत्र गाठा, मग मोठा, तीन लहान, मोठा आणि शेवटी क्रूस. दोरा गाठीपासून तीन मिलिमीटरवर कापून टोक पेटत्या उदबत्तीने वितळवा. काडीच्या ज्योतीने दोरा काळा पडतो आणि गाठच जळते. गाठी जमत नसतील तर पोत गाठून देणाऱ्या पटवेकऱ्याकडे नमुना घेऊन जा. तयार माळ मिस्सानंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) फादरांकडून आशीर्वादित करून घ्या.

आता माळ चालवायची कशी? पोलीन जारिको या फ्रेंच बाईंनी १८२६ मध्ये फ्रान्समधल्या ल्योंमध्ये ‘जिवंत जपमाळ’ सुरू केली, त्यात एकेक दशक एकेकाने वाटून घ्यायचं. आपल्याकडे एखाद्या गावात कॅथलिक घरं मोजकीच असतात, तिथे हीच रीत बसते. पाच घरं, पाच रंग, महिनाभर तोच रंग, पुढच्या महिन्यात बदल. नंदुरबारकडची कुटुंबं ऊसतोडणीला गुजरातेत जातात. त्यांच्या रंगाची जबाबदारी जाण्याआधीच दुसऱ्या घराकडे द्या, नाहीतर साखळी तुटते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

नुसतं ‘सर्व मिशनरींसाठी’ म्हटलं की आठवड्यातच ओठ हलतात आणि मन कापसाच्या भावाकडे जातं. सिस्टरांच्या एखाद्या धर्मसंस्थेच्या प्रांतिक मठाला पत्र लिहून त्यांच्या परदेशातल्या एखाद्या मठाबद्दल तीनच गोष्टी विचारा: सिस्टर कुठे आहेत, काय काम करतात, सध्या अडचण कोणती. मग हेतू असा म्हणता येतो: ‘रात्रपाळीच्या नर्स सिस्टरांसाठी, आणि पावसात रस्ता बंद झाल्याने दवाखान्यापर्यंत न पोहोचलेल्या बाळंतिणींसाठी.’ दुसरा अर्धा भाग विसरू नका, कारण सिस्टर तिथे त्या लोकांसाठीच आहेत. ते लोक बिचारे म्हणून नव्हेत, शेजारी म्हणून प्रार्थनेत यावेत. सातपुड्याच्या पाड्यांवर येणाऱ्या सिस्टरांना भिली, पावरी तिथल्या माणसांनीच शिकवली. तिकडेही परकी भाषा शिकवणारं कुणीतरी असतंच.

वेळ जुळवायची असेल तर केनिया आपल्या अडीच तास मागे आहे. तिथली साडेसहाची सायंप्रार्थना म्हणजे जळगावात रात्रीचे नऊ, जेवणं आटोपलेली. पापुआ न्यू गिनीची राजधानी साडेचार तास पुढे, तिथे आपली रात्र जुळत नाही. दुपारी दीडला म्हटलं तर त्यांचे सहा वाजलेले असतात.

सिस्टरांची नावं, फोटो, पत्ता व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका. ४ मार्च २०१६ रोजी येमेनमधल्या एडनला वृद्धाश्रमात मिशनरीज ऑफ चॅरिटीच्या चार सिस्टर मारल्या गेल्या. अशा ठिकाणी बाहेर गेलेली साधी माहितीही धोक्याची ठरते.

वस्तूंची पार्सलं पाठवू नका, कस्टममध्ये अडकतात आणि सोडवायचा खर्च सिस्टरांवर पडतो. पैसे द्यायचे तर मिशन रविवारच्या दानपेटीत द्या, ते धर्मप्रांतामार्फत पुढे जातात.

एक वही ठेवा: तारीख, रंग, घर, हेतू. सिस्टरांची बदली झाली तर जुनं ठिकाण खोडू नका. त्या गेल्या तरी तिथले लोक तिथेच आहेत. त्याच्या खाली नवं ठिकाण लिहा.