जुस्तिनियानीचे चरित्र अभ्यासताना

ऑटोमन सुलतान मेहमेदने १४५३ मध्ये बायझंटाइन साम्राज्याची राजधानी कॉन्स्टँटिनोपलला घातलेला वेढा इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतोच, म्हणून ती हकिगत इथे पुन्हा सांगत नाही. जमिनीकडच्या तटाचा बचाव ज्याच्याकडे सोपवला होता, त्या इटलीतल्या जिनोव्हाच्या जोव्हान्नी जुस्तिनियानीवर मी एम.ए.चा प्रबंध लिहिला. त्यात जिथे मी फसलो ती जागा मात्र सविस्तर सांगितली पाहिजे.

बायझंटाइन सम्राटाचा विश्वासू अधिकारी स्फ्रांत्झेस वेढ्यात शहरातच होता. त्याच्या नावावर दोन इतिवृत्ते आहेत. त्रोटक इतिवृत्तात वेढा थोडक्यात आटोपतो. विस्तृत इतिवृत्तात भाषणे आहेत, शेवटच्या रात्रीचे बारकावे आहेत, जुस्तिनियानीच्या पायाला लागलेला बाणही आहे. मी साहजिकच विस्तृत इतिवृत्त धरून दोन प्रकरणे लिहिली. प्रबंध सादर करायला तीन आठवडे उरले असताना कळले की ते इतिवृत्त सोळाव्या शतकात माकारिओस मेलिस्सेनोस या धर्मगुरूने रचलेले आहे आणि विसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी ते सिद्धही केले आहे. दोन्ही प्रकरणे रद्द करावी लागली. उत्तरकालीन बखर आणि समकालीन पत्र यांतला फरक आपण पहिल्याच वर्षी शिकतो, पण परदेशी ग्रंथाचे छापील इंग्रजी भाषांतर हाती आले की तीच शिस्त विसरतो. ग्रंथ कोणाचा, कधीचा, हे पाहिल्याशिवाय एक ओळही उतरवून घेऊ नका.

अस्सल समकालीन लेखकही तपासावेच लागतात. शेवटच्या हल्ल्यात जुस्तिनियानीने तटावरची जागा का सोडली, हेच पाहा. जहाजावरचा वैद्य बार्बारो व्हेनिसचा होता आणि व्हेनिस व जिनोव्हा यांचे हाडवैर होते. तो जखमेचा उल्लेखही न करता जुस्तिनियानी जागा सोडून पळाला असे लिहितो. आर्चबिशप लिओनार्ड काखेत बाण लागल्याचे सांगतो. सुलतान मेहमेदसाठी लिहिणारा ग्रीक इतिहासकार क्रिटोबुलोस छातीचे चिलखत भेदणाऱ्या गोळीची हकिगत देतो. या सर्वांची सरासरी काढून 'खरी' जखम ठरवू नका. ती पळवाट आहे. विषय आयता हातात देणाऱ्या मार्गदर्शकापेक्षा प्रत्येक वाक्याला 'हे कोणी पाहिले?' असे विचारणारा मार्गदर्शक कितीही त्रासदायक वाटला तरी तोच धरावा, असे माझे ठाम मत आहे.

घाबरून विषय मात्र सोडू नका. ग्रीक किंवा इटालियन येत नसली तरी चांगल्या भाषांतरांवर पहिले वर्ष निभावते. शिवाय सगळेच वादग्रस्त नाही. जानेवारी १४५३ मध्ये जुस्तिनियानी सुमारे ७०० माणसे घेऊन आला, २९ मे रोजी शहर पडले आणि थोड्याच दिवसांत तो मरण पावला. तटाखालून शहरात शिरणाऱ्या लायकस ओढ्याच्या खोलगट भागात तोफांनी बाहेरचा तट पाडला, तेव्हा त्याची माणसे आणि शहरातले लोक रात्री ती खिंडारे लाकडे, फांद्या आणि मातीने भरलेली पिंपे रचून बुजवत असत. मी दुसऱ्यांदा लिहायला बसलो, तेव्हा प्रकरणाची सुरुवात त्या पिंपांपासून केली.