टोकन आधी रद्द करा, फाइल नंतर साफ करा

एमसीपी, म्हणजे मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, हा एआय असिस्टंटला बाहेरच्या टूल्सशी जोडण्याचा ठरावीक नियमसंच. अँथ्रॉपिकने तो नोव्हेंबर २०२४ मध्ये आणला. पुढच्या वर्षी हिंजवडीतल्या माझ्या पहिल्याच नोकरीत काम आलं: टीमचे कोडिंग असिस्टंट रिमोट टूल सर्व्हरला जोडून द्यायचे.

जोडणी अर्ध्या तासात झाली. रूट फोल्डरमधल्या 'डॉट एमसीपी डॉट जेसन' फाइलमध्ये सर्व्हरचा पत्ता, खाली ऑथरायझेशन हेडर, आणि 'बेअरर'पुढे माझं टोकन, म्हणजे सर्व्हरमध्ये शिरायची किल्ली, जसंच्या तसं. ही फाइल सगळ्या टीमला मिळावी म्हणून गिटमध्ये, म्हणजे कोडचे सगळे बदल जपणाऱ्या प्रणालीत, जाते. गेली. संध्याकाळी लक्षात आल्यावर मी ती ओळ काढली, पुन्हा कमिट करून (बदल नोंदवून) पुश केलं (टीमच्या सर्व्हरवर पाठवलं) आणि निर्धास्तपणे घरची पीएमपी बस पकडली.

इथेच फसले. नवीन कमिटमुळे जुनं पुसलं जात नाही. गिट लॉगमध्ये फरक उघडून बघा: काढलेली ओळ वजाचं चिन्ह लावून लाल रंगात समोर उभी असते, टोकनच्या शेवटच्या अक्षरापर्यंत. हिस्टरी नव्याने लिहून फोर्स पुश केलं, तरी ज्यांनी आधीच क्लोन केलंय त्यांच्या लॅपटॉपवर ती प्रत राहतेच. म्हणून टोकन एकदा पुश झालं की ते फुटलं असंच समजा. आधी रद्द करा. मग नवीन काढा आणि फाइलमध्ये फक्त एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलचं नाव ठेवा; खरं टोकन ज्याच्या त्याच्या मशीनवरच राहतं. माझं टोकन अकरा दिवस चालू राहिलं, आणि त्याला राइट, म्हणजे बदल करण्याची, परवानगीही होती.

'प्रायव्हेट रेपो (कोडचा साठा) आहे, चालतंय,' असं एक सीनियर म्हणाले होते. असं सांगणाऱ्याकडे सुरक्षेचा प्रश्न पुन्हा नेऊ नका. मला खरं शिकवलं ते टीममधल्या दादाने. शेजारी बसवून टोकनची एकेक परवानगी वाचायला लावली आणि प्रत्येक वेळी विचारलं, 'ही कशाला हवी?'

सर्व्हरला ओऑथ (लॉगिन करून परवानगी देण्याची पद्धत) जमत असेल तर तेच घ्या. मार्च २०२५ च्या आवृत्तीपासून ते एमसीपीत आहे. ब्राउझरमध्ये लॉगिन होतं, टोकन हाताने चिकटवावंच लागत नाही. स्वतःचा सर्व्हर असेल तर तो १२७.०.०.१ वरच, म्हणजे फक्त त्याच मशीनवर, ऐकू दे, बाहेरून एसएसएच टनेलने (सुरक्षित, कूटबद्ध वाटेने) या. आणि ऑटो-अप्रूव्ह, म्हणजे असिस्टंटला न विचारता काम करू देणं, बंद ठेवा. असिस्टंट तिकीट (नोंदवलेली तक्रार किंवा काम) वाचतो तेव्हा त्यात कुणी घुसडलेली सूचनाही तो हुकूम समजून पाळू शकतो.

घाबरू नका, हे सगळं आठवड्याभरात अंगवळणी पडतं. चूक झालीच तर टोकन रद्द करा आणि लगेच टीमला सांगा. मी सांगितलं तेव्हा कुणी ओरडलं नाही. दादाने टोकन रद्द झाल्याची वेळ वहीत लिहून घेतली, सर्व्हरचे लॉग उघडले आणि रात्री साडेआठपर्यंत आम्ही दोघं ते अकरा दिवस चाळत बसलो.