पुरवणी मागण्यांमागची कात्री कशी शोधायची: विरोधी बाकावरच्या हिशेबी आमदारासाठी

सीए, बँक अधिकारी किंवा वित्त खात्यातले निवृत्त अधिकारी राजकारणात आले की पक्ष त्यांना एक काम हमखास देतो: "आकड्यांवर तुम्ही बोला." सत्तेत असताना ते सोपं असतं, वित्त विभाग टिपणी लिहून देतो. विरोधी बाकावर टिपणी स्वतःच काढावी लागते, तीही नागपूरच्या अधिवेशनात, जिथे वेळ हातात येईपर्यंत निम्मा संपलेला असतो. १९५३च्या नागपूर करारानुसार वर्षातलं एक अधिवेशन इथे होतं आणि त्यातलं पैशाचं मुख्य काम म्हणजे पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्प मंजूर झाल्यावर वर्षाच्या मध्येच सरकार मागतं तो जादा खर्च. या मागण्यांची पुस्तिका बहुतेक वेळा पहिल्याच दिवशी सभागृहात मांडली जाते आणि चर्चा दोन-चार दिवसांत येते. तेवढ्यात काय वाचायचं, ते इथे.

अर्ज भरण्याआधी

हिशेबाच्या माणसाचं शपथपत्र विरोधक सगळ्यांत बारकाईनं वाचतात. या शपथपत्रात, म्हणजे नमुना २६मध्ये, मागच्या पाच वर्षांचं विवरणपत्रातलं उत्पन्न द्यावं लागतं, स्वतःचं, जोडीदाराचं, हिंदू अविभक्त कुटुंबाचं आणि अवलंबितांचं. एकही रकाना कोरा ठेवू नका. तिथे 'निरंक' किंवा 'लागू नाही' लिहा. निवडणूक खर्चाचं स्वतंत्र बँक खाते अर्जाच्या किमान एक दिवस आधी उघडा. विधानसभेसाठी खर्चाची मर्यादा ४० लाख रुपये आहे आणि निकालापासून ३० दिवसांत हिशेब द्यावा लागतो. आमदार व्हायला सीएला सीए संस्थेची वेगळी परवानगी लागत नाही, सर्वसाधारण परवानगी आहे. मात्र एखाद्या शासकीय मंडळावर मानधनाचं पद असेल तर ते लाभाचं पद ठरू शकतं. ते आधीच सोडा.

आधी काय विसरायचं

सरकारचा हिशेब रोखीचा आहे. घसारा नाही, येणं-देणं नाही. कंत्राटदाराचं हजार कोटींचं बिल थकलेलं असलं तरी ते पुस्तकात दिसत नाही. ३१ मार्चला न वापरलेली तरतूद व्यपगत होते, म्हणून मार्चअखेर कोषागारात झुंबड उडते. ताळेबंद शोधत बसलेला सीए इथे पहिले दोन दिवस वाया घालवतो.

त्याऐवजी मुख्य लेखाशीर्षाचा, म्हणजे खर्चाच्या प्रकाराला दिलेल्या चार अंकी क्रमांकाचा, पहिला आकडा बघायची सवय लावा. २ किंवा ३ने सुरू होणारं शीर्ष महसुली खर्चाचं, ४ किंवा ५ने सुरू होणारं भांडवली खर्चाचं, ६ किंवा ७ने सुरू होणारं कर्ज आणि आगाऊ रकमांचं, ८ म्हणजे लोकलेखा (ठेवी, भविष्य निर्वाह निधी असा सरकारनं सांभाळायचा पैसा). ३०५४ म्हणजे रस्ते-पूल यांची देखभाल, ५०५४ म्हणजे रस्ते-पूल यांचं नवं काम. मंत्री "रस्त्यांसाठी इतके कोटी" म्हणाले की रक्कम कुठल्या शीर्षाखाली आहे ते आधी पाहा. मागणीचं अक्षर विभाग सांगतं: सी महसूल व वन, डी कृषी, एफ नगरविकास, जी वित्त, एच सार्वजनिक बांधकाम. 'डी-३, २४०१' अशी ओळ दिसली की कृषी विभागाचं पीक संवर्धन, हे पुस्तिका न उलगडता कळायला हवं.

पुस्तिका हातात आल्यावर

डिसेंबर २०२३मध्ये नागपुरात ५५,५२०.७७ कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या मांडल्या गेल्या. विरोधकांनी असा आकडा माइकवर सांगितला की उत्तर ठरलेलं असतं: निव्वळ भार ४८,३८४.६६ कोटींचाच आहे. स्थूल आणि निव्वळ यांतला ७,१३६ कोटींचा फरक म्हणजे दुसऱ्या शीर्षातली बचत, पुस्तकी वळतं किंवा ज्याच्यासमोर जमा बाजूला रक्कम येतेच असा खर्च. जुलै २०२५च्या मागण्यांत हा फरक आणखी मोठा होता: ५७,५०९.७१ कोटी स्थूल, ४०,६४४.६९ कोटी निव्वळ. भाषणात स्थूल आकडा एकटा वापरला की मंत्री पहिल्या वाक्यातच हवा काढून घेतात. दोन्ही आकडे तुम्हीच सांगा, आणि मधला फरक कशाचा, ते त्यांना विचारा.

मग ढीग वेगळे करा. २०२३च्या त्या मागण्यांत १९,२४४.३४ कोटी अनिवार्य खर्चाचे, ३२,७९२.८१ कोटी कार्यक्रमांतर्गत, म्हणजे राज्याच्या योजनांचे, आणि ३,४८३.६२ कोटी केंद्र पुरस्कृत योजनांचे होते. केंद्राच्या ढिगात राज्याला फारशी निवड नसते, तो बाजूला ठेवा. अनिवार्य ढिगात एकच प्रश्न विचारायचा: हा खर्च अनिवार्य होता तर मार्चमध्ये का दिसला नाही? पगार, निवृत्तिवेतन, वीज सवलतीची देणी अचानक उगवत नाहीत. जुलैच्या पावसाळी अधिवेशनात मागितलेली ओळ डिसेंबरात पुन्हा आली असेल तर मूळ अंदाज मुद्दाम कमी धरला होता, असं म्हणायला जागा आहे. जुलैची पुस्तिका शेजारी ठेवून पेन्सिलनं खुणा करा, संगणकावर हे काम जास्त वेळ खातं.

वेळ द्यायचा तो कार्यक्रमांतर्गत ढिगाला. २०२३-२४च्या अर्थसंकल्पात महसुली तूट सुमारे १६,१२२ कोटी रुपये दाखवली होती. डिसेंबरातला निव्वळ भार त्याच्या तिप्पट. ही सगळी रक्कम महसुली नव्हती, त्यामुळे 'तूट चौपट झाली' असं म्हणणं चूक ठरेल आणि वित्त विभाग ते पाच मिनिटांत खोडून काढेल. पण प्रश्न उरतोच: एवढे पैसे येणार कुठून? उत्पन्न तेवढं वाढलं नसेल आणि राजकोषीय तूट सकल राज्य उत्पन्नाच्या ३ टक्क्यांच्या आसपास ठेवायची असेल, तर कुठल्यातरी मंजूर तरतुदीला कात्री लागणार. मागणी छापली जाते, कात्री छापली जात नाही. विरोधी बाकावरच्या अर्थवाल्याचं खरं काम ती कात्री शोधण्याचं आहे.

ती सापडते 'बीम्स'वर. राज्याच्या या ऑनलाइन निधी-वितरण प्रणालीत विभागवार तरतूद, वितरित रक्कम आणि खर्च कोणालाही पाहता येतो. अधिवेशनाच्या आदल्या आठवड्यात आपल्या पाच-सहा शीर्षांची पानं तारखेसह छापून ठेवा, कारण आकडे रोज बदलतात आणि सभागृहात "हा आकडा कधीचा?" हे विचारलं जातंच. डिसेंबर म्हणजे वर्षातले आठ महिने सरले. तरतुदीच्या निम्मीही रक्कम वितरित झालेली नसेल तर तिथे कात्री लागली आहे किंवा लागणार आहे. त्याच विभागानं पुरवणी मागणी केली असेल तर तुमचं भाषण तयार आहे.

एक सापळा मात्र आहे. बीम्सवर 'खर्च' म्हणजे कोषागारातून पैसा निघाला, इतकंच. तो वैयक्तिक ठेव लेख्यात (अधिकाऱ्याच्या नावे उघडलेल्या सरकारी ठेव खात्यात) पडून असू शकतो किंवा महामंडळाला अंशदान म्हणून गेलेला असू शकतो. विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाला दिलेलं भांडवली अंशदान मंत्रालयाच्या हिशेबात खर्च झालेलं असतं, कालव्यात पाणी असो वा नसो. विदर्भातल्या गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन १९८८चं, मूळ किंमत ३७२ कोटी. पुढे ती काही हजार कोटींवर गेली. अशा प्रकल्पावर 'इतका टक्का निधी खर्च' हे उत्तर आलं की पुढचा प्रश्न सिंचन क्षमतेच्या हेक्टरांवर आणि उपयोगिता प्रमाणपत्रांवर न्या.

हजार रुपयांची मागणी दिसली तर हसून पान उलटू नका. ती लाक्षणिक मागणी असते: पैसा बचतीतून भागवणार, पण बाब नवीन आहे म्हणून सभागृहाची संमती हवी. मोठे धोरणबदल अशा हजार रुपयांच्या ओळीतून सरकतात. पुस्तिकेतलं स्पष्टीकरणाचं टिपण अशा ओळींसाठी पूर्ण वाचायचं, बाकीच्यांसाठी चाळलं तरी चालतं.

सूचना आणि भाषण

सभागृह मागणी मंजूर करू शकतं, नाकारू शकतं किंवा कमी करू शकतं; वाढवू शकत नाही. त्यामुळे विदर्भाला जादा निधी मागायचा तरी 'शंभर रुपये कमी करावेत' अशीच कपात सूचना द्यावी लागते. धोरणालाच विरोध असेल तर मागणी एक रुपयापर्यंत खाली आणण्याची सूचना असते. नवखे इथे दोन ठिकाणी अडकतात. पहिलं, भारित खर्चावर, म्हणजे सभागृहाच्या मताविना थेट तिजोरीवर टाकलेल्या खर्चावर, सूचना देणं. व्याज, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे पगार यांवर बोलता येतं, मतदान होत नाही, म्हणून सूचना परत येते. दत्तमत (मताला येणारा खर्च) आणि भारित हे रकाने आधी पाहा. दुसरं, पुस्तिकेत नसलेल्या विषयावर बोलणं. पुरवणी मागण्यांची चर्चा छापलेल्या बाबींपुरती असते. कापसाच्या भावावर बोलायचं आणि संबंधित ओळ पुस्तिकेत नाही, तर अध्यक्ष थांबवतात. तो विषय लक्षवेधी किंवा नियम २९३च्या चर्चेसाठी राखून ठेवा.

विभागांचा क्रम कार्यक्रमपत्रिकेत असतो. शेवटच्या दिवसाचे विभाग बहुधा चर्चेविना एकत्र मताला टाकले जातात, म्हणून सर्वांत दमदार मुद्दा आधी येणाऱ्या विभागावर लावा. बोलायला पाच-सात मिनिटं मिळाली तर तीन आकडे पुरे. चौथा आकडा कोणी ऐकत नाही आणि वार्ताहर लिहूनही घेत नाहीत. रक्कम 'कोटी'तच सांगा. पुस्तिकेतले आकडे हजारांत असतील तर शून्यं दोनदा मोजा, कारण दशांशाची चूक कामकाजाच्या नोंदीत कायमची राहते.

पूर्वी स्वतः अर्थमंत्री राहिलेल्यांना आणखी एक जोखीम असते. मनमोहन सिंग १९९१ ते ९६ अर्थमंत्री होते आणि १९९८पासून राज्यसभेत विरोधी पक्षनेते. चंद्रपूरचे सुधीर मुनगंटीवार २०१४ ते १९ अर्थमंत्री, मग अडीच वर्षं विरोधी बाकावर. अशांना त्यांच्याच कारकिर्दीतल्या पुरवणी मागण्या वाचून दाखवल्या जातात. पक्ष सत्तेत असताना काय झालं, ते आपल्या फाईलमध्ये आधीच हवं. चिंतामणराव देशमुखांची वाट वेगळी. मध्य प्रांत-वऱ्हाड सरकारात वित्त सचिव, पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, केंद्रात अर्थमंत्री, १९५६मध्ये मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा आणि १९६९ला स्वतंत्र पक्ष व जनसंघाचे राष्ट्रपतिपदाचे उमेदवार. त्यांच्या हिशेबाचं शिक्षण बरंचसं याच नागपुरात झालं.

लोकलेखा समिती

कॅगचे अहवाल आणि सरकारचा झालेला खर्च तपासणारी ही विधिमंडळाची समिती. संधी मिळाली तर ती सोडू नका. तिचं अध्यक्षपद विरोधकांकडे देण्याचा संकेत आहे. भाषणात सुटलेली कात्री इथे उघडी पडते. कॅगच्या विनियोजन लेख्यांत मूळ तरतूद, पुरवणी, प्रत्यक्ष खर्च आणि परत केलेली रक्कम एका ओळीत असतात. पुरवणी मागितली आणि खर्च मूळ तरतुदीपर्यंतही पोचला नाही, अशा ओळी आधी काढा. तरतुदीपेक्षा जास्त खर्च झालेल्या ओळी वेगळ्या ठेवा. तो जादा खर्च अनुच्छेद २०५खाली सभागृहाकडून नियमित करून घ्यावा लागतो आणि ते वर्षानुवर्षं लांबतं. विदर्भ-मराठवाड्याच्या लेख्यांचं महालेखापाल कार्यालय सिव्हिल लाइन्समध्येच आहे, विधान भवनापासून जवळ.

समितीचे कागद आणि भाषणाची फाईल मात्र एका पिशवीत ठेवू नका. अहवाल सभागृहात मांडला जाण्याआधी त्यातला आकडा पत्रकारांना दिला गेला तर प्रकरण हक्कभंगापर्यंत जातं, आणि अशी चूक बहुधा आमदाराच्या नव्हे तर मदतनिसाच्या हातून होते.