वर्षाचे बेस्ट आकाशाचे फोटो निवडायचेत? आधी खोटे बाहेर काढा

डिसेंबर लागला की आमच्या इंदूरच्या मंडळात एकच घोळ सुरू होतो, हॉलच्या भिंतीवर वर्षातले बारा आकाशाचे फोटो लावायचे असतात आणि ग्रुपवर ढीगभर येऊन पडलेले असतात, प्रत्येकाला आपण फॉरवर्ड केलेलाच भारी वाटतो. तुमच्या कॉलनीत, शाळेत असं काही करणार असाल तर आमची पद्धत सांगतो.

पहिल्या चाळणीत सुंदर-बिंदर काही बघायचं नाही, सुंदर तर सगळेच असतात. दोनच गोष्टी बघा, फोटो खरा आहे का आणि ह्याच वर्षाचा आहे का.

खरा-खोटा ओळखायला मोबाईलवर झूम करता आलं तरी पुष्कळ होतं. तेजस्वी ताऱ्यांना टोकदार किरण फुटलेले दिसतात ना, ते ताऱ्याचे नसतातच, दुर्बिणीचे असतात. अवकाशातल्या हबल दुर्बिणीच्या फोटोत चार दिसतात, कारण पुढचा छोटा आरसा चार पट्ट्यांनी धरलेला आहे. तशाच जेम्स वेब दुर्बिणीच्या फोटोत सहा मोठे आणि दोन बारीक आडवे, असे आठ. आता एकाच दुर्बिणीनं काढलेल्या एका फोटोत सगळ्या ताऱ्यांचे किरण एकाच दिशेला असायला पाहिजेत की नाही? एकाचे उभे-आडवे, शेजारच्याचे तिरपे, तिसऱ्याला पाचच, असं दिसलं की एआयची करामत समजा. (वेगवेगळ्या वेळी काढलेले फोटो जोडून मोझेक केलं असेल तर फरक पडू शकतो, म्हणून पाठवणाऱ्याला एकदा विचारून घ्या.)

तसंच चंद्रकोरीच्या पोटात तारा चमकत असेल तर फोटो सरळ बाद. अहो तिथे चंद्रच आहे, फक्त उजेड नाहीये!

आपल्याकडचे फोटो तपासणं अजून सोपं. मांडूच्या जहाज महालावर आकाशगंगेचा तो जाडजूड मधला भाग झळकतोय आणि खाली लिहिलंय डिसेंबरची रात्र, तर विश्वास ठेवू नका, डिसेंबरात सूर्य त्याच दिशेला असतो, तो भाग रात्री दिसणार कुठून. आपल्याला तो साधारण फेब्रुवारीच्या शेवटी पहाटे दिसायला लागतो आणि ऑक्टोबरात संध्याकाळी मावळतीला जातो. ताऱ्यांच्या गोल रेषांचा फोटो असेल तर मधला ध्रुवतारा बघा, तो जितक्या अक्षांशावर आपण तितकाच वर असतो, म्हणजे इंदूरहून जेमतेम 23 अंश. डोक्यावर दिसला तर भिया, तो फोटो माळव्यातला नाही.

आता वर्षाचं. 2025 चंच घ्या, 23 मार्चला पृथ्वी शनीच्या कड्यांच्या पातळीतून गेली, म्हणजे कडी आपल्याला कडेवरून दिसली, त्यामुळे वर्षभर कडी अगदी बारीक दिसत होती. ग्रुपवर मात्र ऐसपैस कड्यांचा शनी 'कालच काढला' म्हणून आला, तो जुनाच होता. माझं मत असं की निदान अर्धे फोटो तरी त्या वर्षीच मिळू शकले असते असे हवेत. मृगातला तेजोमेघ काय, दर हिवाळ्यात आहेच. पण 14 मार्चला ब्लू घोस्ट यानानं चंद्रावर उभं राहून पृथ्वीनं झाकलेला सूर्य टिपला, तो फोटो कितीही साधा असला तरी आत घ्यायचाच. रूबिन वेधशाळेचं जूनमधलं पहिलं चित्र, 678 एक्स्पोजर जोडून केलेलं, तेही. 7 सप्टेंबरचं खग्रास चंद्रग्रहण तर आपल्या डोक्यावर, आदल्या रात्री अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीतल्या झांक्या बघून जागलेलो, तरी रात्री 11 ते 12:22 ढगांत डोकं घालून बसलो. आणि लेमन धूमकेतू ऐन दिवाळीत, 21 ऑक्टोबरला पृथ्वीच्या सगळ्यात जवळ आला, इथे फटाक्यांचा धूर!

रंगांवरून भांडण होणारच, त्याची तयारी ठेवा. कुणीतरी काका म्हणतात, 'हे रंग खोटे आहेत.' जेम्स वेब इन्फ्रारेडमध्ये बघते, ते डोळ्याला दिसतच नाही, मग लांब तरंगांना लाल, आखूडला निळा असे रंग नेमून देतात. हबलच्या प्रसिद्ध फोटोंत गंधक लाल, हायड्रोजन हिरवा, ऑक्सिजन निळा. आमचा नियम साधा आहे, रंग ठरवून दिलेला चालेल, एखादी वस्तू घुसडलेली चालणार नाही. नोव्हेंबरमध्ये आकाशाचे फोटो काढणाऱ्या अँड्र्यू मॅकार्थीनी सूर्यबिंबासमोरून पडणारा स्कायडायव्हर टिपला, त्यावर आमच्याकडे जोरदार वाद झाला, हे खगोल आहे का सर्कस? मी फोटोच्या बाजूनं होतो, माणूस खरंच तिथून गेला होता.

मतदानाला फोटोग्राफरची नावं झाका, आणि मार्कांची सरासरी काढू नका. सरासरीत कुणालाच न खटकणारे गुळमुळीत फोटो पुढे येतात. त्यापेक्षा प्रत्येकाला एक हट्टाचा फोटो द्या, बाकी सगळे नाही म्हणाले तरी तो लागणार. आमच्याकडे आज्यांचे हट्ट बेस्ट निघतात.

परवानगीचं विसरू नका. नासाचे स्वतःचे फोटो बहुतेक मोकळे असतात, पण 1995 पासून रोज एक फोटो देणाऱ्या त्यांच्या साइटवर खाजगी फोटोग्राफरचेही असतात, त्यांना मेल टाकून विचारा. आणि व्हॉट्सअ‍ॅपवरची फाइल प्रिंटला देऊ नका, 12 बाय 18 इंच चांगलं हवं तर 3600 बाय 5400 पिक्सेल तरी पाहिजेत. कागद मॅट घ्या, ग्लॉसीवर आकाशाच्या काळ्या भागात हॉलची ट्यूबलाइटच दिसते.